उघड्या तोंडानं

माझं नाव कौसाबाई. माहेर माझं कुरुंद्याच्या बाजूचं, हळदीच्या मुलखातलं, तिकडं रान काळं अन् सपाट, नजर टाकली तर पार आभाळाला जाऊन टेकते, अन् मला दिली ती या डोंगरात. तव्हा हा हिंगोली जिल्हा नव्हता, परभनी व्हता, कळमनुरी तालुक्यात डोंगराच्या मागल्या अंगाला आमची बौद्धांची वाडी. डोंगर म्हंजी काय मला ठाऊकच नव्हतं, बाई. लग्न होऊन आले, सकाळी दार उघडलं, तर समोर नुसता दगड. मी जावेला इचारलं, काहून वो बाई, इथं दिस कुठून उगवतो? ती म्हनली, त्यो बी बिचारा चढूनच येतो. गिरजा तिचं नाव, माझ्या थोरल्या दिराची बायको. दीर लवकर गेले, तिला लेकरू न्हाई, पन तोंड असं की रडत्या मान्साला हसवून ठसका आनंल. तिच्याच जिवावर मी या डोंगरात राहिले, खरं सांगते.

दुष्काळ पडला तव्हा आमी दोघी जावा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलो. सगळेच जात व्हते, आमी काही येगळं केलं न्हाई. डोक्यावर ऊन, हातात हातोडी, समोरासमोर बसायचं अन् दिवसभर टन्, टन्, टन्. काय सांगू तुमाला, त्या आवाजाची गुंगी चढायची, डोळे मिटले तरी हात चालायचे, झोपेत बी हात चालायचे, आमचे मालक म्हनायचे, अगं मला फोडतीस का काय. पन दगड कानाला कळाया लागला. अखंड दगड टन् म्हनतो. आत तडा असला की बद् म्हनतो, फुटकं मडकं वाजवावं तसा. कुनी शिकवलं न्हाई, ऐकून ऐकूनच आलं.

मंग पानी पडलं, दोन-तीन पिकं हाताला लागली, अन् वाडीनं ठरवलं की विहार बांधायचं. मातीच्या भिंती, वर पत्रे, आत एक ओटा. ओटा आमी बायांनीच सारवला. पन ओट्यावर काय, तर भगवानाचा एक फोटो, त्याच्या बी कडा ओलीनं उचललेल्या. आमचे सासरे, त्येंला मी मामंजी म्हनायची, रोज संध्याकाळी त्या ओट्यापुढं जाऊन बसायचे. धम्म घेतला तव्हाच त्येंनी घरातले देव गाठोड्यात बांधून नदीला सोडले व्हते, तव्हापासून म्हनायचे, जुनं काढलं, नवं आनायचं राहून गेलं. छातीचं दुखनं व्हतं त्येंला, चार पावलं चालले की धाप लागायची, मंग भिंतीला हात लावून उभे राहायचे. म्हनायचे, एकदा ओट्यावर भगवान बसलेला बघू द्या, मंग मी मोकळा. असं रोज म्हनायचे. आमाला तर भेव वाटायचं की ह्येंचा दिवा आधी इझतो का मूर्ती आधी येती.

मूर्ती ठरली नांदेडची. पलास्टरची, सोनेरी रंग दिलेली, दीड हात उंच, मांडी घालून बसलेली. वैशाखातल्या पुनवेला बसवायची. लारीवाला वारंगा फाट्यापतोर आनून देनार व्हता, तिथून आमच्या वाडीला एकच गाडीवाट, ती मधल्या गावातून जायाची, मंग खिंड चढायची अन् खिंडीतून आमच्याकडं उतरायची. त्या मधल्या गावाचं नाव मी घेत न्हाई, आता तिथली लेकरं चांगली निघालीत, काहून उगा त्येंच्या आज्या-पंज्याचं काढा. पन त्या वक्ताला तिथून निरोप आला की मूर्ती न्या, आमची ना न्हाई, पन वाजवायचं न्हाई, अन् पोत्यानं झाकून न्यायची. देवळापुढून उघडी गेली तर मंग आमाला बोल लावू नका.

आमच्याकडं बैठक बसली. कुनी म्हनलं झाकू, काय होतंय, पोचल्याशी मतलब. आमचे मालक किसन, लई सरळ मानूस, भांडन म्हनलं की आधी घरचा रस्ता धरायचे, ते बी म्हनले, घडीभराची तर गोष्ट हाय. मामंजी कोपऱ्यात बसून व्हते. मंग हळूच म्हनले, मी त्या गावातून जलमभर चपला हातात घेऊन, मान खाली घालून गेलो. माझं झालं ते झालं. पन मढं झाकून नेत्यात, नाहीतर चोरीचा माल झाकून नेत्यात. ह्याला झाकून आनत असाल तर आनू नका, ओटा तसाच राहू द्या. एवढं बोलले अन् त्येंला असली धाप लागली की गिरजानं पानी आनून दिलं तरी तांब्या तोंडाला लावता येईना. बैठक तशीच उठली. 

मला त्या रातच्याला काही सुचंना. राग आला व्हता, बाई, आजबी येतो. गावाला वळसा घालून जावं तर तिन्ही अंगाला त्येंचीच शेतं, बांधावर पाय ठेवला की तंटा. उरला एकच भाग, नाल्याकडून खिंडीच्या खांद्यावर चढनारा डोंगर. तो सरकारी, तिथं कुनाचं नाव न्हाई. पन तिथं वाट बी न्हाई. नुसते धोंडे, एकावर एक ओतल्यावानी, पाय दिला की घसरत्यात. शेरडं राखनारे बी तिकडं शेरडं घालत नव्हते. मी गिरजाला म्हनलं, तिकडून वाट काढता येईल का? ती म्हनली, येईल की, खिंडीत जायची का थेट मसनात, तेवढं बघावं लागंल. अन् सकाळी इळा-दोरी घेऊन माझ्या आधी दारात उभी.

मोळीला जातो म्हनून आमी दोघी जाया लागलो, गाडीवाटंनं पलीकडं जायचं अन् नाल्यापासून वर चढायचं. मी संगं हातोडी घेतली. चैत सरत आला व्हता, पळस झडून गेलेला, मोहाच्या फुलांचा वास खालच्या झाडीतून वरपतोर यायचा, गोड, डोकं जड करनारा. अन् तिथली शांतता कशी सांगू. वाडीत कोंबडं हाय, लेकरू हाय, उखळ हाय, इथं काहीच न्हाई. आपलाच श्वास दुसऱ्याचा वाटायचा. पहिल्यांदा गेलो तर चढून चढून एका सरळ कड्याखाली अडकलो, परत फिरलो. दुसऱ्यांदा दुसरीकडून गेलो तर एक धोंडा पायाखालून निसटला, त्यानं धा धोंडे संगं घेतले, अन् ती सगळी वरात गडगडत नाल्यात गेली. आमी दोघी एकमेकींना धरून बसलो. गिरजा म्हनली, कौसे, भगवान मांडी घालून बसलेला बरा दिसतो, निजलेला न्हाई. मला हसू बी येईना.

मंग मी जायचंच बंद केलं, म्हंजी चढायचं बंद केलं. नुसतं बसून बघायचं. बसून बसून एक ध्यानात आलं. काही दगडांच्या बुडाशी कुसळी गवताचे जुने थोंब, म्हंजी झुबके व्हते, चांगले मुठीएवढे जाड, दगडाला मिठी मारून बसलेले. आता दगड हलता असता तर गवत असं वर्सानुवर्सं कसं धरून राहिलं असतं? अन् ज्या दगडाच्या वरल्या अंगाला दगडफूल आलंय, तो उलटला बी न्हाई कव्हा. मी त्यावर हातोडी मारली, टन्. दुसऱ्यावर मारली, टन्. असं गवत धरून धरून, वाजवून वाजवून आमी वर जाया लागलो. दुपारच्या उन्हात सगळा डोंगर हालतोय असं दिसायचं, पानी उकळताना वाफंतून चूल दिसते तसं, पन पायाखालचा दगड गप्प राहायचा. मला तर असं वाटायचं की मी चालून राहिले न्हाई, झोपले हाय अन् डोंगर माझ्या पायाखालून हळू हळू सरकून राहिला.

एका दुपारी थकून एका पिंपरनीच्या बुडाला टेकले. झाड दगडाच्या फटीत उगवलेलं. डोळा लागला. अन् झोपेत मला मानेवर गार फुंकर लागली, माय लेकराच्या डोळ्यात फुंकते तशी हळूच. जागी झाले तर ऊन तर भाजतंय, वारा कुठंच न्हाई, पान हलंना, अन् मानेला गार लागतंय. फटीतून येत व्हतं ते. मी गिरजाला हलवलं, म्हनलं, आतून वारा येतो म्हंजी पलीकडं उघडं हाय. ती म्हनली, न्हाईतर आत कुनी घोरतंय. आमी पिंपरनीच्या मुळ्या बाजूला करून आत शिरलो. दोन कड्यांच्या मधली घळ, इतकी अरुंद की खांदे तिरपे करावे लागायचे, पन तळाला बारीक माती, पाय घट्ट बसत व्हता. हाताने चाचपत चाचपत निघालो अन् एकदम उजेड. खिंडीच्या खांद्यावर आमी उभ्या, खाली एका बाजूला आमची वाडी, विहाराचे पत्रे चमकून राहिले. गिरजा मटकन खाली बसली अन् रडाया लागली. मी तिला तव्हापतोर रडताना पाहिलंच नव्हतं, दीर गेले तव्हा बी न्हाई.

खुणंसाठी चिंध्या लागनार व्हत्या. गिरजाचं एक जुनं निळं लुगडं व्हतं, ते मी तिला न इचारता फाडलं अन् झुडपा-झुडपाला बांधत गेले. मंग काय, वाडीभर सांगत सुटली, माझ्या जावेनं माझं लुगडं डोंगराला नेसवलं, आता त्यालाच म्हना माझ्यासाठी पानी भर. पन मामंजींना सांगायला तीच गेली. त्येंनी ऐकून घेतलं अन् माझ्या मालकांकडं बघून हात केला, जाऊन बघून ये म्हनून. मालक जाऊन आले. म्हनले, मानूस जाईल, मूर्तीची कावड घळीत जाईल का ते सांगता येत न्हाई. तरी वाडीनं ठरवलं, त्याच वाटंनं आनायचा.

पुनवेच्या आदल्या सांजेला लारी फाट्याला आली. तिथं चहाच्या हाटेलापुढं मूर्ती उतरवली अन् उघडीच ठेवली, येनारे-जानारे बघत व्हते, कुनी हात जोडत व्हते, काही झालं न्हाई बघा, आभाळ कोसळलं न्हाई. रात सरता सरता, चांदन्यातच आमी निघालो. मालक, वाडीतले दोघं जन, अन् वाट दाखवाया आमी दोघी. कावडीच्या एका पारड्यात भगवान, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचा दगड. नाल्यापतोर चांगलं आलो. निळ्या चिंध्या एक एक करून सापडत गेल्या, गवताचे थोंब सापडत गेले. पन पिंपरनीपाशी आलो अन् झालं. कावडीचा बांबू घळीत शिरंना. उभा धरला तर पारडी आपटायची. हातात धरून न्यावं तर हात दगडाला लागत्यात, डोक्यावर घ्यावं तर वरून कडा पुढं आलेला. मालक म्हनले, आडवा करून वरून दोरीनं ओढू. गिरजा म्हनली, त्याला मढ्यावानी आडवा करायचा न्हाई, भाऊजी. मामंजींनी एवढं सांगितलं ते कशासाठी?

अन् मंग माझ्याकडं वळून म्हनली, पाठीवर लेकरू बांधून दगडं कुनी वाहिलीत, ह्या गड्यांनी का तू? माझी पोरगी मी खडीच्या कामावर पाठीवर बांधूनच नेली व्हती, ते तिला ठाऊक. लुगड्याच्या पदरानं बांधायचं, छातीवर गाठ मारायची, हात मोकळे राहत्यात. पन लेकराचं तोंड आपल्या पाठीला चिकटलेलं असतं. तसं बांधलं तर भगवानाचं तोंड झाकलं. म्हनून पाठीला पाठ लावून बांधला, तोंड मागं, आलेल्या वाटंकडं. अन् सगळा पदर त्यातच लागला, बाई. माझं डोकं उघडं पडलं. आता तुमाला त्यात काय वाटनार, पन आमच्यात सासऱ्यापुढं, थोरल्या मान्सापुढं सुनंचा पदर डोक्यावरून हालायचा न्हाई. दहा वर्सं झाली असतील लग्नाला, मामंजींनी माझं तोंड नीट पाहिलं नव्हतं. मालक म्हनले, तिकडं बा उतारावर उभे राहनार हायत. मी म्हनलं, त्येंला मी नंतर बघते, आधी ह्याला पार करते.

घळीतून निघताना त्याची पाठ माझ्या पाठीला लागली व्हती. थंडगार, सकाळच्या रांजनावानी. मी श्वास घेतला की त्यो बी घेतोय असं वाटायचं. कुठं घाई वाटंना, भेव वाटंना, माती पायाला धरून राहिली, मी तिरपी तिरपी सरकत गेले, अन् मागं गिरजा चालत व्हती, तिच्या अन् त्याच्या तोंडात हातभर अंतर. ती नंतर म्हनायची, मी त्याच्याशी सगळ्या घळीभर बोलत गेले, मला काय काय सांगायचं व्हतं ते सांगून टाकलं.

घळीच्या बाहेर निघालो अन् तव्हा कळलं आमची चूक काय झाली. आमी सगळ्यांनी वाट सांजेकडल्या उन्हात नाहीतर दुपारी पाहिलेली. सकाळी तिथं काय दिसतं ते कुनी पाहिलंच नव्हतं. घळीच्या तोंडाशी खांद्यावर एक मोठा कातळ हाय, तो मधल्या गावाच्या बराबर वर येतो, अन् दिस उगवला की पहिलं ऊन तिथंच पडतं. मूर्ती सोनेरी. खाली गाव दिसत व्हतं, आडावरच्या बाया, दावनीची गुरं, पारावरची मान्सं. ज्या गावाला चुकवून आनायचा त्याच गावाच्या डोक्यावर, उन्हात, उघड्या तोंडानं, त्या गावाकडंच बघत भगवान बसलेला. मालक कळवळून म्हनले, खाली बस, झाक त्याला. अन् मला काय झालं काय म्हाईत, मी म्हनलं, झाकायचं असतं तर गाडीवाटंनं आलो असतो की.

कातळ उतरता व्हता, पळता येत नव्हतं. मी हातोडी मारायची, ऐकायची, पाय टाकायची. एका जागी दगड टन् म्हनला व्हता आधी, पन तव्हा मी एकटी व्हते, आता आमी दोघं. पाय दिला तसा तो कळ्ळकन हालला. मी गुडघ्यांवर पडले, गुडघे फुटले, हात समोरच्या कातळाला टेकले, पन पाठ सरळ धरली. दगड गेला गडगडत. गिरजानं दोन्ही हातांनी मूर्तीचे खांदे धरले. तशीच मी गुडघ्यांवर राहिले किती तरी वेळ, तोंड समोरच्या कातळाला लावून, अन् तो माझ्या पाठीवर बसून. नंतर एकदा आखाडा बाळापूरच्या बाजारात त्या गावची एक म्हातारी माझ्याजवळ मिरच्या घेत व्हती, ती म्हनली, त्या सकाळी आमी सगळ्यांनी पाहिलं, डोंगरावर कुनी मानूस दिसंना, नुसता तो एकटाच बसलेला, मंग हळू हळू चालाया लागला. आमच्या घरच्या मान्सांना काही बोलायचं सुधरलंच न्हाई. मी तिला म्हनले न्हाई की त्याच्या खाली मी व्हते. तिला तसंच राहू दिलं.

मंग आमच्या अंगाचा उतार. माती हाय, झाडी हाय, पाय आपोआप पडत्यात. वाडीची मान्सं आंब्याखाली जमलेली. अन् सगळ्यांच्या पुढं मामंजी. त्येंला कुनी धरलेलं नव्हतं, काठीवर भार देऊन एकटेच उभे, किती चढून आले असतील त्या छातीनं. मी समोर आले. भगवान पाठीवर, त्याचं तोंड डोंगराकडं. म्हंजी मामंजींना दिसले कोन, तर मी. उघडं डोकं, केस सुटलेले, गुडघ्यांतून रक्त, छातीवर पदराची गाठ. माझी मान आपोआप खाली गेली. हात डोक्याकडं गेला, पन पदर कुठं हाय घ्यायला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामंजी एक पाऊल पुढं आले. मंग म्हनले, पोरी, मान वर कर.

मी केली. ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. म्हनले, आता वळ.

मी सासऱ्याला पाठ केली, बाई. त्येंनी भगवानाचं दर्शन घेतलं. माझ्या मागं त्येंचा हुंदका ऐकू आला, काठी खाली पडली. गिरजा मालकांच्या खांद्यावरचा पंचा घेऊन माझं डोकं झाकाया पुढं आली तर मामंजी म्हनले, राहू दे गिरजे. त्याला उघडा आनला, तिला कशाला झाकतीस.

वाडीतून मी तशीच गेले, उघड्या डोक्यानं, सगळ्यांच्या पुढं. वाजंत्री वाजत व्हती. विहारात गाठ सोडली, भगवान ओट्यावर बसला, वंदना झाली. मामंजींनी त्या नंतर दोन पावसाळे पाहिले अन् झोपेतच गेले. त्या दोन्ही सालात मी त्येंच्यापुढं डोक्यावर पदर घेतला न्हाई, अन् त्येंनी जेवताना मला समोर बसवून नांदेडची, फाट्याची, डोंगराची हकिकत इचारायची, परत परत तीच, मी परत परत सांगायची.

आता डांबरी सडक झाली, जयंतीला मधल्या गावातून गाजत-वाजत मिरवनूक जाते, त्या गावची पोरं सरबत वाटत्यात. त्यात दोन-चार अजूनबी तोंड फिरवत्यात, पन चालायचंच. विहार पक्कं झालं, संगमरवरी मूर्ती आली, जुनी काचंच्या कपाटात हाय, तिचा रंग उडाला. मालक गेले, गिरजा बी गेली. घळीच्या तोंडी पिंपरन पसरून वाट बुजली म्हनत्यात, मला आता बघाया जाता येत न्हाई, गुडघे चालू देत न्हाईत. दुपारच्याला खाटंवर पडले की डुलकी लागते, अन् मी त्या कातळावर असते, हातोडी मारते, ऐकते, मागं गिरजा कुनाशी तरी बोलून राहिली. जागी झाले की नात म्हनते, आज्जी झोपंत हसतीस काहून. आता मला कशाचं बी वाईट वाटत न्हाई. तुमी एवढ्या लांबून आलात, एवढं ऐकलंत, तुमच्या लेकीबाळींना बी असा सासरा भेटो.